लाल कडीची पिशवी

या बाप्पा, जरा पुढं सरकून बसा. तीर्थपुरीच्या द्वारकाबाईची गोष्ट सांगतो. संतमहंताची नाही, पण ऐकता ऐकता हात आपसूक जुळतील.

"आज काल्याच्या कीर्तनात मी टाळ घेऊन उभा राहणार," तिचे धनी मच्छिंद्र म्हणाले. "आन् मंग तांब्याभर पाणी घटाघटा पिणार."

"प्या की," द्वारकाबाई म्हणाली. "म्हणून तर लाल पिशवी लावून राह्यले."

आठ महिन्यांपूर्वी मच्छिंद्रच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. तेव्हापासून पोटातल्या नळीला दिवसातून चार वेळा साखरपाण्याची पिशवी लावून ते पाणी पोटात भरायचं, चार-पाच तासांनी काढून टाकायचं. द्वारकाबाई हे पूजेसारखं सोवळ्यानं करी. पिशव्या तीन तऱ्हेच्या. पिवळ्या कडीच्या पिशवीत साखर कमी, ती अंगातलं पाणी बेतानं ओढते. हिरवी त्याहून जास्त, लाल तर सपाटून. लाल फक्त अंग फार सुजलं तर, तीही दवाखान्यात विचारून. आणि प्यायला दिवसाला दोनच पेले.

द्वारकाबाईनं आपल्यापुरता हिशेब मांडला. लाल जास्त ओढते ना? मग धन्याला प्यायलाही जास्त मिळेल. सप्ताहाचे शेवटचे दोन दिवस तिनं चारी वेळा लालच लावली.

"दोन लिटर आत, तीन लिटर भाहेर! पाय बघा, सूज उतरून नवरदेवावानी झाले."

"नवरदेवाचे पाय तुला काय ठावं? मान तरी वर केल्ती का तव्हा?"

"मान खालीच होती, म्हणून पायच पाह्यले!"

मच्छिंद्र हसत धोतर नेसायला उठले आणि भिंत धरून खाली बसले. डोळे फिरले. ओठ कोरडे ठक्क.

तिनं जालन्याच्या दवाखान्यातल्या अर्शिया सिस्टरला फोन लावून घडलं ते सांगितलं.

"मामी, कोणत्या कडीची पिशवी लावली?"

"लाल. दोन दिवस."

"या अल्ला! मामी, काहून?"

"त्याहिला पाणी प्यायचं व्हतं, माय."

अर्शिया हळू म्हणाली, "मामी, लालनं अंगातलं पाणी पार ओढलं, म्हणून त्याहिला भोवळ आली. वर तिची साखर अंगात जाऊन तहान वाढवते. रोज लावली तर पाणी ओढणारा पोटातला पडदाच थकतो, मंग कोणतीच पिशवी चालत न्हाई. त्याहिला आडवं करा, पाय उशीवर. पोटातलं काढा, पिवळी लावा. थांबा, डॉक्टरांना विचारते."

थोड्या वेळानं ती पुन्हा बोलली. "एक पेला पाणी पाजा, हळूहळू. आन् जल्दी गाडी करून इकडं आणा."

भोंग्यावर काल्याचा अभंग सुरू झाला होता. टाळकरी उभे राहिल्याचं आवाजावरून कळत होतं. मच्छिंद्रनी डोळे मिटून एकेक घोट घेतला. घटाघटा नाही, चरणतीर्थ घ्यावं तसा. अर्धा पेला झाला आणि त्यांनी तो तिच्याकडं सरकवला.

"घे."

"अवो, तुम्हाला सांगितलंय..."

"मी पितो अजून. आधी तू. आठ महिने झाले, माझ्याम्होरं तू पाण्याचा घोट घेतला न्हाईस. मोरीत जाऊन, दार लोटून पितेस. मला काय कळत न्हाई?"

द्वारकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तिनं पेला उचलला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक घोट घेतला.

बाप्पा, कीर्तन ऐकून घसा कोरडा पडला की आता खुशाल पाणी प्या. पण पिता पिता त्या दाराआड उभ्या असलेल्या माउलीची एकदा आठवण काढा.