दुसऱ्या ट्रॉम्बोनची खुर्ची

टोर्बेनचा ओठ गेलाय, फुंकताना त्यात पूर्वीची पकड राहिली नाही, हे बँडमध्ये सगळ्यांत आधी जेराल्ड डाबरेला कळलं, कारण तो त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत बसायचा. वरचे स्वर आले की त्यांच्या ट्रॉम्बोनचा आवाज मध्येच फाटायचा. मग ते खोकला आल्यासारखं करायचे आणि माउथपीस रुमालानं पुसत बसायचे. जेराल्ड नोटेशनच्या कागदाकडे बघत राहायचा.

टोर्बेन डेन्मार्कचे, एकसष्ट वर्षांचे. बंदरातल्या हमालाचा हा मुलगा सतराव्या वर्षी बोटीवरच्या बँडमध्ये शिरला आणि पुढे कोपनहेगनच्या एका ऑर्केस्ट्रात वीस वर्षं जॅझ वाजवत राहिला. पण त्यांचं खरं नाव झालं ते अरेंजर म्हणून. एखादी साधी चाल ते दहा-बारा वाद्यांत अशी वाटून द्यायचे की प्रत्येकाला वाटावं, ही माझ्यासाठीच लिहिलीय. घटस्फोटानंतर ते दुबई मरीनातल्या एका हॉटेलात अकरा जणांचा बँड उभा करायला आले. वसईकडे लग्नाच्या बँडमध्ये वाजवून इथवर पोचलेल्या जेराल्डला त्यांनी एकदाच ऐकलं आणि शेजारी बसवलं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

२००८च्या शेवटी मंदी आली आणि बॉलरूमची बुकिंग एकामागून एक रद्द झाली. जानेवारीत हॉटेलचे मॅनेजर चारुदत्त साने यांनी जेराल्डला केबिनमध्ये बोलावलं. साने पुण्याचे, दोघंच असले की मराठीत बोलायचे.

"अकरा जण आता शक्य नाहीत. चार ठेवतोय. पियानो, बास, ड्रम्स आणि तुम्हा दोघांपैकी एकच ट्रॉम्बोन. गुरुवारी सकाळी अकराला मी स्वतः ऐकायला बसतोय." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "टोर्बेनची तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे, सर," जेराल्ड म्हणाला.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी त्यानं हे सांगितलं तेव्हा त्याची बायको ॲडेलिन कपड्यांना इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी केली.

"त्यांनी आपणहून विचारलं आणि तू ठीक आहे म्हणालास?"

"मग काय सांगू?"

"खरं ते सांगायचं. नोकरी गेली की व्हिसा गेला, जेराल्ड. महिन्याभरात चंबूगबाळं आवरून निघायचं. पोरीची परीक्षा मार्चमध्ये आहे."

आतल्या खोलीतून पोरीनं विचारलं, "डॅड, आर वी गोइंग बॅक?"

बुधवारी तालीम संपल्यावर टोर्बेन त्याला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेले. ते इंग्रजीत बोलायचे, सावकाश, शब्द मोजत.

"उद्या माझ्या सोलोमधले शेवटचे आठ बार, ती वरच्या स्वरांची ओळ, मला निघणार नाहीत. तू स्टँडमागून वाजव. मी नुसती स्लाइडची नळी पुढेमागे हलवतो. साने लांब बसणार, त्यांना कळायचं नाही."

"आणि माझं काय?"

टोर्बेननी मान खाली घातली. "मला दुसरीकडे कुठे कोणी घेणार नाही. तू तरुण आहेस."

जेराल्ड त्रेचाळीस वर्षांचा होता. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

गुरुवारी साने रिकाम्या बॉलरूमच्या मागच्या टोकाला एकटेच बसले. एसी इतका थंड होता की जेराल्डला बोटं चोळावी लागली. टोर्बेननी डॅनिश अंगाईच्या चालीवर बांधलेली आपली अरेंजमेंट सुरू केली. पहिला भाग त्यांनी खालच्या स्वरांत इतका मऊ वाजवला की पियानोवाला वळून बघू लागला. मग बाकीची वाद्यं थांबली. ड्रम्सवर फक्त तारांचे ब्रश फिरत राहिले. ते आठ बार आले.

टोर्बेनची स्लाइड हलली, आवाज आला नाही.

जेराल्डचे ओठ माउथपीसवर होते. वाजवायचं नाही, एवढं केलं की नोकरी त्याची होती. त्यात खोटं काही नव्हतं. ब्रशचा एक ठोका गेला, दुसरा गेला. टोर्बेननी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांच्या मानेवरची शीर ताठ झालेली त्याला दिसली. जेराल्डनं श्वास भरला आणि वाजवलं. आठही बार, शेवटच्या वरच्या स्वरापर्यंत.

सान्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी यादी लागली, त्यात टोर्बेन होते. जेराल्डच्या हाती नोकरी संपल्याचं पत्र पडलं. ॲडेलिननं ते वाचलं, घडी घालून कपाटात ठेवलं आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

शनिवारी दुपारी दारावरची बेल वाजली. बाहेर टोर्बेन उभे होते. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच त्याच्या घरी येत होते. ॲडेलिननं खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"मी सान्यांना सांगून आलो," ते म्हणाले. "वाजवलं ते तू, हे सांगितलं. चिडले. मला म्हणाले, खलास. तुला उद्या दहाला भेटायला बोलावलंय."

जेराल्डच्या मनातलं तोंडातून निघून गेलं. "मी आधी थांबलो होतो. दोन ठोके."

"मी मोजले," टोर्बेन म्हणाले. "दोन दिवस तेच मोजतोय. त्या दोन ठोक्यांत तुला काय वाटलं असेल ते मला कळलं. ते मी तुझ्यावर आणलं होतं."

ॲडेलिन स्वयंपाकघरात गेली आणि तिनं चहा ठेवला. मग टोर्बेन बसले.

दुसऱ्या दिवशी सान्यांनी जेराल्डला बराच वेळ उभं ठेवलं. "मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," ते म्हणाले. जेराल्डनं ते कबूल केलं. शेवटी सहा महिन्यांच्या बोलीवर त्यांनी त्याला ठेवून घेतलं. पुढे ती बोली दरवेळी वाढत गेली आणि २०१३पर्यंत तो तिथेच वाजवत राहिला.

टोर्बेन फेब्रुवारीत आपल्या गावी परतले. तिथे त्यांनी ट्रॉम्बोन विकून टाकला आणि नुसतं लिहायला सुरुवात केली, आधी शाळेच्या बँडसाठी, मग जुन्या ऑर्केस्ट्रासाठी. २०११मध्ये त्या ऑर्केस्ट्रानं अख्खा कार्यक्रम त्यांच्याच अरेंजमेंट्सचा केला. त्याचं रेकॉर्डिंग त्यांनी जेराल्डला पाठवलं. त्यानं ते शुक्रवारी सकाळी घरी लावलं. ॲडेलिन भाजी चिरता चिरता थांबून ऐकत होती.

"ट्रॉम्बोन कोण वाजवतोय?" तिनं विचारलं.

"कोणीतरी पोरगी आहे त्यांच्याकडची. चांगली वाजवते."

त्यानं आवाज थोडा मोठा केला.