चार बादल्या

तिने शिंगटा माशाचं पोट कात्रीने उभं चिरलं आणि तोंड फिरवलं. आत भाताची शितं होती. फुगलेली, पिवळट, बुळबुळीत.

"शी," ती पुटपुटली.

टेबलाखाली चार बादल्या होत्या: उघडं पाणी, लव्हाळं, ओढा, चिखल. पाणथळीच्या प्रत्येक भागातले मासे वेगळे आणायचे, हे तिच्या दिराचं काम. कोणता मासा कुठे राहतो ते मांडायचं, हे तिचं; कोण काय खातं ते आज ती पहिल्यांदाच पाहत होती. लव्हाळ्यात भराव टाकून रस्ता व्हायचा होता. तिथले मासे दुसरीकडे मिळत नाहीत, हे उद्याच्या सुनावणीत दाखवता आलं तरच ती जागा वाचणार होती.

हा शिंगटा चिखलातला. तिने उघड्या पाण्यातला रोहू चिरला. शितं. लव्हाळ्यातली बोटभर खवली मासळी चिरली. पुन्हा तीच शितं. ती खिडकीशी गेली. खाली होड्यांचा धक्का होता आणि त्याला लागून खानावळ. खानावळवाली भाताचं पातेलं पाण्यात विसळत होती.

दीर जाळं झटकत आत आला.

"भाऊजी, लव्हाळ्यात गेला होतात?"

"म्हणजे काय, वहिनी."

तिने चिरलेल्या माशांचं ताट पुढे सरकवलं. त्याने पाहिलं आणि जाळं खाली ठेवलं.

"जळवा आहेत हो तिथे. मांडीएवढा गाळ, आणि वास असा की दोन दिवस घास उतरत नाही. धक्क्यावर सगळेच मासे येतात खायला. एका जाळ्यात भागतं."

"मग बादल्या कशा भरल्यात?"

"तुम्हीच तर सांगितलंत कोण कुठे राहतं ते. त्याप्रमाणे टाकले."

तीन वर्षं तिचा एकेक अंदाज बरोबर ठरत आला होता, आणि दर वेळी ती हरखून जायची. त्या हरखण्याचीच तिला आता आतड्यांहून जास्त किळस आली. आणि हा गृहस्थ नुसता उभा होता, निर्लज्जासारखा.

"कुणाला कळतंय?" तो म्हणाला. "जागा वाचल्याशी कारण."

"लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"वाटते की. पण वहिनी, तुम्ही तरी कधी उतरलात तिथे?"

तिने साबण लावून हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. दारामागे खिळ्याला तिचे रबरी बूट टांगलेले होते. दुकानदाराने जोडी बांधून दिलेली दोरी अजून तशीच होती.

तिने टेबलावरची बरबटलेली कात्री उचलली आणि दोरी कापली.

"बादल्या रिकाम्या करा," ती म्हणाली, "आणि होडी काढा."