दारात अडलेला वाटप्या

फोन वाजत होता, आणि तो मी उचललेला होता. रिसीव्हर कानाला घट्ट लावलेला, तरी टेबलावर घंटा घणघणतच होती.

"अहो, उचला की तो!" साहेब खिडकीतून वळून म्हणाले.

"उचललाय साहेब."

"मग वाजतोय कसा?"

कसा ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी फोनवरच्या दिव्यांकडे बघितलं.

डोंगराखालून पाणी नेणारा हा बोगदा अजून अर्धाच खणलाय. तोंडाशी आमची पत्र्याची खोली आणि आत एकामागे एक चार ठाणी. प्रत्येक ठाण्यावर एक खोकं असतं, खोक्यात लहानसा संगणक आणि बाहेर फोन. चौथं ठाणं सगळ्यात खोल. तिथे त्या सकाळी आठ खोदकामगार होते, एक म्हातारे पंपवाले आणि वीजतंत्री म्हणून माझी धाकटी नणंद. फोनवर चार नंबरचा दिवा लुकलुकत होता. म्हणजे पलीकडून बटण दाबणारी तीच.

तिसऱ्या ठाण्याजवळ केबल धुमसतेय असं दुसऱ्या ठाण्याच्या मुकादमाने नुकतंच कळवलं होतं. चौथ्या ठाण्याचा पंखा तिसऱ्याकडची हवा ओढतो आणि पुढे माणसांवर सोडतो. म्हणजे पंखा इमानेइतबारे त्यांना धूर पोचवत होता. तो उलटा फिरवायला साहेबांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग दाबतच राहिले. पडद्यावर चारही ठाणी हिरवी होती. पंखा काही वळेना.

"हाताने नाही का फिरवता येणार त्यांना?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"खटका पंख्यालाच आहे, धुराच्या बाजूला. तिथवर जाणारा परत यायचा नाही." त्यांनी घड्याळ बघितलं. "वीज तोडतो मी."

"तोडू नका. दिवे जातील, पंप थांबतील. त्या काळोखात, त्या धुरात वाट कशी काढतील? आणि खोक्याला बॅटरी आहे, ते तसंच अडून राहील."

"अडून म्हणजे?"

मी रिसीव्हर खाली ठेवला. घंटा चालूच.

"माझी चूक आहे साहेब," मी म्हटलं. "खोकं बिघडलेलं नाही. मी बिघडवलंय."

पूर्वी हजेरी, वायूची मापं, पंखे आणि फोन, या चारही कामांचे निरोप वेगवेगळ्या वाटांनी जायचे. प्रत्येक कामासाठी प्रत्येक ठाणं बाकीच्या ठाण्यांना सारखं सांगत राहायचं, मी आहे, मी आहे. एकच गोष्ट चार-चारदा. तार त्यानेच तुंबायची. मागच्या वर्षी मी चारही वाटा मिळून एक नळी केली. निरोपावर चिठ्ठी लावायची, हा पंख्याचा, हा फोनचा. आणि पोचल्या जागी एक वाटप्या ती चिठ्ठी वाचून ज्याचा निरोप त्याला देणार. माझी फार वाहवा झाली. जेवताना घरी सांगितलं तेव्हा नणंद म्हणाली होती, "म्हणजे चार घरांना एकच पोस्टमन! आणि तो आजारी पडला म्हणजे गं?"

"पडत नाही तो," मी म्हटलं होतं.

परवा नणंदच एक तक्रार घेऊन आली. "वहिनी, तुझी हजेरी मला दोनदा मोजते. एवढी जाडी झालेय का मी?" मग काल मी हजेरीत एक बदल केला. पाळी बदलली की मोजण्याआधी बाकी सगळ्यांना विचारायचं, हिची हजेरी तुमच्याकडे लागलीय का, आणि सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत थांबायचं. आधी करून बघायचा म्हणून एकाच खोक्यात घातला. तिच्या.

थांबायचं कोणी, हे मी बघितलंच नाही. थांबला तो वाटप्या. साडेदहाला पाळी बदलली, त्याने प्रश्न विचारला आणि दारातच उत्तराची वाट बघत उभा राहिला. उत्तरं केव्हाच पोचलीत, पण ती त्याच्या पाठीमागे रांगेत. त्यांच्या मागे पंख्याचा निरोप, त्याच्यामागे 'फोन उचलला' हा निरोप. तो हलत नाही तोवर कोणी आत जात नाही, आणि कोणी आत गेल्याशिवाय तो हलत नाही. 'मी आहे' मात्र त्याच्याही खालच्या मजल्यावरून, वाटप्याच्या हातात न येताच जातं. म्हणून चौथं ठाणं अजून हिरवं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कधी सुटेल?"

"आपणहून कधीच नाही."

"मग सोडवा बाई!"

मी जुना कोड उघडला.  ज्याला प्रश्न विचारला तो एकमेकांशी जोडलेल्या ठाण्यांच्या गटातूनच निघून गेला, तर त्याच्या उत्तराची वाट बघायची नाही, असा नियम होता. निघून गेल्याची बातमी खालच्या मजल्यावरूनच येते, ती अडणार नाही. म्हणजे सगळे निघून गेले पाहिजेत. पहिलं, दुसरं, तिसरं ठाणं आणि ही आमची खोलीही. त्या खोक्याला वाटलं पाहिजे की जगात आपल्याशिवाय कोणी उरलं नाही.

"तीन ठाणी बंद करायची?" साहेबांचा आवाज चढला. "तिसरं रिकामं आहे, पण दुसऱ्यावर बारा माणसं आहेत माझी! वायू साठला तर भोंगा कोण वाजवणार?"

"तुम्ही पुकारा त्यांना. फोन चालू आहेत तोवर बाहेर काढा."

ते दुसऱ्या फोनकडे झेपावले. "मुकादम, हातातलं टाका आणि सगळे बाहेर. पहिल्या ठाण्याचेही घेऊन या. हत्यारं राहू द्या हो! जीव आणा, जीव!"

मी पुढची ओळ वाचली. गटातून गेलेल्याचे रांगेत राहिलेले निरोप टाकून द्यावेत. मीच लिहिलं होतं, मोठ्या शहाणपणाने. म्हणजे वाटप्या सुटला तरी साहेबांनी इतक्या वेळा दाबलेलं बटण फुकट जाणार. मग वाट एकच, आमच्या खोलीने जायचं आणि नव्या नावाने गटात परत यायचं. नव्या नावाला त्याने काही विचारलेलं नसेल, तेव्हा वाट बघण्याचा प्रश्न नाही. मग पंख्याचा निरोप नव्याने पाठवायचा.

घंटा अजून वाजत होती. मधे थांबे, मग पुन्हा. ती बटणावरचं बोट काढून पुन्हा दाबत असणार. मनात येत होतं, तेवढी तरी वाजू दे देवा.

"निघाले," साहेब म्हणाले. "करा तुमचं काय ते."

पहिल्या ठाण्याला रजा दिली. पडद्यावरून ते पुसलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं जायला वेळ लागला, केबल त्याच्याच उशाशी जळत होती. मी मोजत नव्हते, देवाचं नाव घेत होते. रोज सकाळी कामाला बसण्याआधी घेते तेच. तिसरं गेलं.

उरली आमची खोली. ही गेली की चौथ्या ठाण्याचं काहीच दिसणार नव्हतं. मी कळ दाबली.

घंटा थांबली.

"का थांबली?" साहेबांनी विचारलं.

"जुन्या नावाला लागलेला फोन तुटला." हे खरंच होतं. पण तिचं बोट बटणावरून घसरलं असतं तरी अशीच थांबली असती. त्यांनाही ते कळलं असावं.

नवं नाव टाकलं. गटात कोण आहे, विचारलं. पडदा कोरा राहिला. साहेबांचा श्वास मला माझ्या खांद्यावर ऐकू येत होता. मग एक हिरवा ठिपका उगवला, चार नंबरचा. पण हिरव्यावर माझा विश्वास उरला नव्हता.

"दाबा," मी म्हटलं.

त्यांनी बटण दाबलं. पंख्याचा काटा होता तिथेच राहिला. मग थरथरला, खाली उतरायला लागला, शून्यावर आला. शून्यावर इतका वेळ थांबला की मी डोळे मिटून घेतले.

"वळला," साहेब म्हणाले. "बाई, वळला पंखा!"

मी फोनवर चार नंबर लावला. पलीकडे वाजत राहिला, कोणी उचलेना. धुरात खाली बसले असतील, मी स्वतःला सांगितलं. खाली हवा बरी असते, तिनेच एकदा घरी सांगितलं होतं. पुन्हा लावला. साहेब बाहेर धावले, तोंडाला बांधायचे मुखवटे घेऊन माणसं आत धाडायला. खोलीत मी एकटी. पुन्हा लावला. कोणी नाही. ठेवून दिला.

आणि तो वाजला. चार नंबरचा दिवा.

मी उचलला. वाजणं थांबलं.

आधी नुसता खोकला. बराच वेळ. मागे कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं.

"वहिनी," ती म्हणाली. आवाज ओळखू येत नव्हता. "किती वाजवला मी... उचलत का नव्हतीस गं?"

उचललेलाच होता, असं म्हणावंसं वाटलं. पण ते खरं असलं तरी तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"तू बरी आहेस?"

"मी आहे. बाकीचेही. पण म्हातारे पंपवाले निपचित पडलेत. छाती हलतेय, पण शुद्ध नाही. लवकर कोणाला तरी पाठव."

"पाठवलेत. निघालेत ते. तू फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत," ती म्हणाली, आणि पुन्हा खोकायला लागली.