कापलेला आवाज

त्या फिल्मला तिसरं बक्षीस मिळालं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं तर मी मिरवतेय असं वाटेल, आणि मिरवायला मला तोंड राहिलेलं नाही.

फिल्म सात मिनिटांची. त्यात चार सेकंदांचा एक शॉट आहे, वागियेम बुदेंच्या चेहऱ्याचा. त्या चार सेकंदांची ही गोष्ट.

आमच्या गावात लग्न निघालं की तीन दिवस आधीपासून आसपासच्या सगळ्या बायका त्या घरी कामाला जातात. बोलावणं लागत नाही. पण जी जात नाही तिच्या घरच्या कार्याला चूल पेटवायलाही कुणी येत नाही. कुणी कांदे सोलते, कुणी नारळ खवते, कुणी नुसतीच बडबडते आणि तेही कामच धरलं जातं. एक बाई मात्र जागची हलत नाही, कोठीवर बसलेली. येणारी प्रत्येक जण टोपलीतून तांदूळ, साखर, शेवया आणते ते तिच्या हाती देते, आणि चुलीवर जाणारा शिधा तिच्याच हातून निघतो. तिच्यावर कुणी लक्ष ठेवत नाही. लक्ष ठेवावं लागणार नाही अशीच बाई तिथे बसवतात.

बावीस वर्षं ती जागा वागियेम बुदेंची होती. आमच्याकडे थोरल्या मावशीला बुदे म्हणतात. त्या माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, पण गावात सगळ्यांच्याच बुदे होत्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, जमीन हातभर. कोठीवरची जागा हीच काय ती त्यांची इस्टेट.

मी तेव्हा जोगजा शहरात फिल्म शिकत होते. आम्हाला शिकवायचे मास गिलांग, म्हणजे गिलांगदादा, आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, दाढी विरळ आणि जीभ धारदार. पहिल्या आठवड्यात म्हणाले, "कॅमेरा उगाच हलवू नका. उगाच हलते ती शेपूट." चौथ्या आठवड्यात त्यांनी पडद्यावर कॅन्टीनवाल्या पाक जुमेनोंचा, म्हणजे जुमेनोकाकांचा, चेहरा दाखवला, नुसता समोर बघणारा. त्यापुढे तळलेल्या टोफूची बशी जोडली. आम्ही म्हणालो, भूक लागलीय त्यांना. तोच चेहरा, पुढे रांगणारं बाळ. आम्ही म्हणालो, आजोबांना माया आली. तोच चेहरा, पुढे पोलिसाचे बूट. आम्ही म्हणालो, घाबरलेत.

"पाक जुमेनो खरं तर काय बघत होते, माहितीये?" मास गिलांग म्हणाले. "घड्याळ. मीच सांगितलं होतं घड्याळाकडे बघा म्हणून. चेहरा काही बोलत नाही रे, शेजारचा शॉट बोलतो. तेव्हा कुणाच्या शेजारी काय ठेवता, ते जरा जपून."

मी सगळं वहीत उतरवलं. 'जरा जपून' तेवढं राहिलं.

शेवटचं काम म्हणून प्रत्येकाने आपापल्या गावातली फिल्म करायची होती. संवाद नकोत, चित्रातून गोष्ट सांगा, असं बजावलेलं. त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या हार्नी बाईंच्या मुलीचं लग्न होतं. मी कॅमेरा घेऊन तीन दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. बायकांनी आधी लाजून पदर सावरल्यासारखं केलं, मग माझी यथेच्छ टिंगल केली.

"निंग, तो डबा खाली ठेव आणि कांदे सोल. डोळ्यांतून पाणी आलं की तुझीच फिल्म काढू!"

"आधी हिचं लग्न काढा. फिल्म काय, तीन तासांची होईल."

बुदे कोठीच्या दारात मांडी घालून बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माझं काय काढतेस गं? बसलेली म्हातारी. त्यापेक्षा वाफ काढ, वाफ छान दिसते."

लग्नाच्या दिवशी दुपारी कोठीत त्या आणि मी दोघीच होतो. त्यांनी आपल्या जेवणाचं सागाचं पान पुढे ओढलं. भात, फणसाची भाजी, कोंबडीचा एक तुकडा. घास न घेता त्यांनी ते पान दुमडलं, काडीने टोचलं आणि टोपलीत कापडाखाली ठेवलं. आता आमच्याकडे एक रीत आहे. पाहुण्यांची पंगत उठायच्या आधी कार्यघरातून अन्न बाहेर जात नाही. उठल्यावर हवं तेवढं न्या, उलट न्यायलाच लावतात. पण आधी नाही.

माझा कॅमेरा चालू होता. मी हाक मारली, "बुदे, इकडे बघा ना!" त्यांनी मान न वळवता नुसते डोळे वळवले, कारण हात टोपलीत गुंतले होते. मग हळूच म्हणाल्या, "पोनिराहचं आहे हे. माझाच वाटा. ती उठू शकत नाही, दुपारचं औषध रिकाम्या पोटी चालत नाही तिला. पंगत उठेपर्यंत चार वाजतील. तू बोलू नकोस हं कुणाला. तिला मी सांगते, मला जास्त झालं म्हणून आणलंय. दया वाटली तर ती अन्नाला शिवायची नाही."

मी मान डोलावली. हे सगळं कॅमेऱ्यात आलं, आवाजासकट.

वर्गात मी पहिली जुळणी दाखवली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. मास गिलांग म्हणाले, "भात शिजला, लोक जेवले, घरी गेले. बरं झालं. गोष्ट कुठाय? कुणाला तरी काहीतरी हवं असायला पाहिजे, वेनिंग, आणि मध्ये काहीतरी आडवं यायला पाहिजे. हा लग्नाचा व्हिडिओ आहे. वऱ्हाडाला वाट."

सगळे हसले. माझे कान लाल झाले. ती लाज मला तेव्हा फार मोठी वाटली होती.

घरी येऊन मी लॅपटॉपवर फिल्मची जुळणी पुन्हा करायला बसले. आधी सगळा आवाज काढून टाकला. संवाद नकोतच होते ना! मग दोन हात पान दुमडतात. हात कापडाखाली जातात. बुदेंचे डोळे कोपऱ्यातून वळतात. आणि त्याच्या शेजारी मी अंगणातली पोरं ठेवली, रिकामे वाडगे धरून रांगेत उभी. ती पोरं गारेगार दावेतची, नारळाच्या दुधातल्या गोड सरबताची, वाट बघत होती, तिसऱ्यांदा घ्यायला. पण वाडग्यात काय हवंय हे चित्रात थोडंच दिसतं! खाली ढोलाचा एकच मंद ठोका टाकला. मी जे बघितलं त्याने माझ्याच अंगावर काटा आला. फिल्म जिवंत झाली होती. आणि मला आनंद झाला, खोटं का सांगू, फार आनंद झाला.

वर्गात मी ती पुन्हा दाखवली. मास गिलांगांनी टाळी वाजवली. मग विचारलं, "ही बाई खरंच घेते?"

मी खांदे उडवले. "गोष्ट आहे, मास."

"तिला दाखवलीस ना? ज्याचा चेहरा, त्याला आधी दाखवायची."

"दाखवली," मी म्हणाले. इतकं सहज म्हणाले की मलाच खरं वाटलं.

बक्षिसाची बातमी गावात पोचली, आणि सरपंचांनी सभागृहात पांढरी चादर ताणून खेळ लावला. गावाची मुलगी, गावाची फिल्म. मला नको म्हणता आलं असतं. पेनड्राइव्ह बिघडला म्हणता आलं असतं. पण मी नवा ब्लाउज घालून गेले. मनात म्हणत होते, ही माणसं ओळखीची आहेत, त्यांना बुदे ठाऊक आहेत, ती फिल्म म्हणूनच बघतील.

बुदे पहिल्या रांगेत, ठेवणीतलं बाटिक नेसून. सुरुवातीला हशाच हशा. "बघा बघा, हार्नीचं नाक!" मग तो ढोल सुरू झाला. हात. कापड. डोळे. पोरांचे रिकामे वाडगे. माझ्या मागे कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

दिवे लागले. आमच्याकडे कुणी तोंडावर काही बोलत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "छान आहे हो फिल्म. किती स्वच्छ दिसतं!" बुदे उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "माझे हात किती काळे दिसतात गं." एवढं बोलून चपला शोधायला गेल्या. मला चपला शोधून द्यायचंही सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात एका घरी वर्षश्राद्धाचा मोठा स्वयंपाक होता. बुदे नेहमीप्रमाणे टोपली घेऊन गेल्या. हार्नी बाईंनी दारातच त्यांचे दोन्ही हात धरले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बुदे, यंदा तुम्ही आराम करा बाई. पाठ दुखते ना तुमची? कोठीवर बसेल दुसरी कुणीतरी."

बुदेंची पाठ कधी दुखलेली नव्हती. त्या हसून हो म्हणाल्या आणि दुपारपर्यंत अंगणात एकट्या केळीची पानं पुसत बसल्या.

हे मला आईने सांगितलं. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "निंग, तू तिथे होतीस. खरं काय ते सांग."

मी लॅपटॉप उघडून तिला मूळ शॉट आवाजासकट दाखवला. आई दोनदा बघून म्हणाली, "लाज वाटते मला तुझी." मलाही वाटत होती.

मी लॅपटॉप काखोटीला मारून बुदेंकडे धावले. म्हटलं, "बुदे, पुन्हा चादर लावते. हे सगळ्यांना दाखवते. तुमचाच आवाज आहे, सगळं स्पष्ट होईल."

बुदे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी शॉट पाहिला, स्वतःचा आवाज ऐकून थोड्या लाजल्या. मग म्हणाल्या, "आणि पोनिराह? संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर जाईल. वागियेम स्वतः उपाशी राहून मला घालते म्हणून. परवापासून ती तोंड मिटून घेईल. ओळखते मी तिला, आम्ही एका शाळेत होतो."

"पण लोक तुम्हाला चोर..."

"कुणी म्हणालंय का तसं?"

"म्हणत नाहीत म्हणून तर!"

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "तू ते पूस. ठेवलंस तर कधीतरी दाखवशील."

मी रडले. त्यांनी माझ्यासमोर केळी तळून ठेवली. ती मी खाल्लीसुद्धा.

मग उरलं होतं माझं तोंड. पुढच्या कार्याला मी कॅमेऱ्याशिवाय गेले, कांद्यांच्या ढिगापाशी बसले आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं. बुदे माझ्या हाकेवर बघत होत्या. पोरं दावेतसाठी उभी होती. मी जोडून दाखवलं ते खोटं. मी खोटी.

सुऱ्या चालूच राहिल्या. मग एक जण म्हणाली, "असू दे गं, फिल्मच ती. पण त्या पानात होतं काय?"

"त्यांचंच जेवण. त्यांचा वाटा."

"मग इथे बसून का नाही जेवल्या?"

याचं उत्तर मला येत होतं आणि देता येत नव्हतं. मी पुढचा कांदा उचलला. हार्नी बाई चटकन म्हणाल्या, "बरं बरं, मुलगी कबूल करतेय ना? सोडा आता." आणि विषय मिठावर गेला. चार सेकंदांत केलेलं मी चार वाक्यांत पुसायला निघाले होते. तसं होत नसतं.

तरी आणखी दोन महिन्यांनी, आमच्याच घरी माझ्या भावाच्या लग्नाला, आईने बुदेंना कोठीवर बसवलं. कुणी हरकत घेतली नाही. बुदे आल्या. पण त्यांच्याजवळ टोपली नव्हती. आजवर कुठल्याच कार्यात बुदेंना मी टोपलीशिवाय पाहिलं नव्हतं. आणलेले तांदूळ त्यांनी आरपार दिसणाऱ्या पिशवीत धरले होते, अंगावर शाल घेतली नव्हती, आणि आत-बाहेर करताना दोन्ही हात जरा पुढे धरत होत्या. मी सोडून कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल.

दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. सागाचं पान दुमडून, काडी टोचून तयार होतं.

"हे पोनिराहकडे तू नेऊन दे," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे कोण बघणार आहे?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. पंगत अजून उठायची होती. मी ते दुमडलेलं पान न झाकता हातात धरून स्वयंपाकघरातून, अंगणातून, सगळ्या बायकांच्या मधून चालत गेले. मला कुणी तरी अडवावं, विचारावं असं फार वाटत होतं. कुणी मान वर केली नाही. एकीने उलट वाट करून दिली.

पोनिराह आजी भिंतीला टेकून पडल्या होत्या. पानाचा वास घेऊन म्हणाल्या, "वागियेम का नाही आली?"

"पाठ दुखतेय त्यांची," मी म्हणाले.

"आणि हे? कुणाच्या घासातलं तर नाही ना? तसलं मला नको हं, आधीच सांगते."

"नाही आजी. माझाच वाटा आहे. मला जास्त झालं."

त्यांनी समाधानाने पान उघडलं. पहिला घास घेऊन माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गुणाची पोर. वागियेमवर गेलीस अगदी."

मी निघायच्या आधीच पोटभर जेवले होते.