काकूंच्या हातची वजडी

आमच्या काकूंनी माझ्या आईची वजडी चोरली. भांड्यातली नव्हे, ती मागितली असती तर आईनं टोपासकट दिली असती. काकूंनी तिचं श्रेय चोरलं आणि जन्मभर मिरवलं. म्हणून त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी मी जे केलं, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. कुणाला वाटत असेल तर त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

माझ्या लहानपणी खाटकाचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. पुढच्या दारी मटण, मागच्या खिडकीशी उरलेला माल: वजडी म्हणजे बोकडाचं पोट, फुप्फुस, मुंडी, पाये. पुढच्या बायकांच्या हातात पर्स असायची, मागे आमच्या हातात डबे. खिडकीतून आतला लाकडी ओंडका दिसायचा, घाव सोसून मधोमध खोलगट झालेला. खाली भुसा पसरलेला असायचा. मला ते दुकान घरापेक्षा आवडायचं, कारण तिथं आईला मान होता. ती दिसली की खाटीकदादा सुरी खाली ठेवायचे. "वहिनी, आजची चांगली वजडी तुमच्यासाठी बाजूला काढलीय. बाकीच्यांना दिली की वाया घालवतात हो!"

एकदा काकू पुढच्या दारानं बाहेर पडल्या आणि आम्ही मागून आलो. त्यांनी आम्हाला बघून न बघितल्यासारखं केलं. घरी आल्यावर मात्र वरच्या मजल्यावरून खाली आल्या आणि आईला, म्हणजे त्यांच्या धाकट्या जावेला, म्हणाल्या, "रविवारी पाहुणे आहेत. तुझं ते कर."

'तुझं ते' करायला आई सकाळी मागच्या अंगणात बसायची. सगळी करामत पाण्यात होती. चटका बसेल पण फोड येणार नाही, इतकंच गरम. आई बोट बुडवून बघायची, मग वजडी आत सोडून लगेच बाहेर काढायची. सुरीच्या पाठीनं खरवडलं की काळी साल सरसर निघायची आणि खालून पांढरंशुभ्र दिसायचं. पाणी उकळतं असेल तर तीच साल अशी चिकटून बसते की हात मोडले तरी निघत नाही. मग वासानं घरात थांबवत नाही.

शिजलेली वजडी काकूंच्या पातेल्यातून वर जायची. पाहुणे बोटं चाटायचे. "वहिनी, काय हात आहे तुमचा!" काकू लाजायच्या. "अहो, सवयीनं येतं सगळं." आणि आईला बजावलेलं असायचं, "तू वाढायला येऊ नकोस गं. तुझ्या हातांना वास येतो."

आई मोरीत बसून लिंबाची सालं हातांवर घासत राहायची. मी दातओठ खात विचारायचे, "तू सांगत का नाहीस?" ती म्हणायची, "जाऊ दे गं. घरचंच माणूस आहे." ते 'जाऊ दे' मला आजही पचलेलं नाही.

गेल्या वर्षी आई गेली. भेटायला आलेल्या बायकांसमोर काकू डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "बिचारीला सगळं मीच शिकवलं. वजडीसुद्धा." मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी होते. त्याच क्षणी मी ठरवलं, ती वजडी कुणाची होती हे काकू स्वतःच्या तोंडानं सांगतील, आणि चारचौघांत सांगतील.

संधी त्यांच्या नातवंडांनी दिली. लग्नाच्या वाढदिवशी आजीच्या हातचीच वजडी हवी, आणि ती करताना मोबाइलवर शूट करायची, असा त्यांचा हट्ट. आदल्या दिवशी काकूंचा दबक्या आवाजात फोन आला. "वजडी घेऊन लवकर ये, मागच्या दारानं, आणि साफ करून दे. तुला येतं ना?"

"येते ना काकू," मी म्हटलं.

मी उशिरा गेले, आणि पुढच्या दारानं. स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं. काका खुर्चीत बसलेले, सून मोबाइल धरून उभी. मी पिशवीतून वजडी काढली, जशीच्या तशी, काळीकुट्ट, आणि परातीत ठेवली. "घ्या काकू. तुमच्याशिवाय कुणाला जमतंय?"

काकूंना घाम फुटला. पण माघार घेणार कशा? त्यांनी पाणी ठेवलं. उकळ्या फुटायला लागल्या. मी हात पाठीमागे बांधून बघत राहिले. त्यांनी वजडी त्यात सोडली आणि वर झाकणही ठेवलं. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या त्या निराळ्याच.

बाहेर काढली तेव्हा साल घट्ट बसली होती. काकू सुरीनं खरवडत होत्या, मग चमच्यानं, मग नखांनी. वास सुटला. नातवंडं नाक धरून मागं सरकली.

"अगं, सांग ना, काय चुकलं?" काकू माझ्याकडे वळल्या.

"आईला विचारा."

"काय बोलतेस? ती कुठे आहे आता?"

"तेच तर. मग कोण करायचं इतकी वर्षं, ते तरी सांगा."

सुनेनं मोबाइल खाली केला. काकूंनी सगळ्यांकडे बघितलं. कुणीच मदतीला आलं नाही. त्या पुटपुटल्या, "तुझी आई करायची. मला कधीच येत नव्हती."

"मोठ्यानं सांगा. काकांना कमी ऐकू येतं."

मला दया आली नाही, येऊ दिली नाही. त्यांनी ओरडूनच सांगितलं, "धाकटी करायची! सगळं तीच करायची!" आणि त्या पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

काकांनी मान हलवली. "त्यात काय सांगायचं? मला पहिल्यापासून माहीत आहे."

मी काकूंना सोडलं. खुर्ची ओढली आणि काकांच्या चांगल्या कानाशी जाऊन बसले.