लायलचं वजन

"हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही," ऑर्वल म्हणाला आणि मोठ्या ट्रेलरच्या दांडीवर बूट ठेवून ऐसपैस उभा राहिला.

"मग सांगूच नकोस," डार्ला म्हणाली. ती गुडघ्यांवर बसून सिमेंटच्या जमिनीवर खडूने आकडे मांडत होती. "आधी हिशोब होऊ दे, मामा. तुझं भूत कुठे पळून जात नाहीये."

"भूत आहे असं कोणी सांगितलं तुला?"

"दर वेळी असतं."

"मागच्या खेपेला अस्वल होतं."

ते मात्र खरं. मागच्या खेपेचं अस्वल याच आवारातल्या एका ट्रेलरमध्ये अख्खा हिवाळा झोपलं होतं आणि वसंतात उठून, चादरीच्या सुरकुत्या काढून, दार ओढून घेऊन गेलं होतं. तो ट्रेलर घेणाऱ्याने पुढे दोनदा फोन करून विचारलं, की उशीला मधाचा वास येतो तो कशाने जाईल. त्याच्याही आधी वायोमिंगच्या वाऱ्याने दुकानाची पाटी उडवून शेजारच्या तालुक्यात नेली होती आणि तिथे तिने ऑर्वलच्या नावावर तीन ट्रेलर विकले होते. त्यांची दलाली ऑर्वलला अजून यायची होती. जुने ट्रेलर विकायचा हा धंदा त्याने उभा केलेला. पण हिशोब भाचीच्या हाती गेल्यापासून त्याच्या वाट्याला थापा तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्यात तो कसर ठेवत नव्हता.

मार्लिस दोघांकडे पाहत नव्हती. हातमोजा काढून तिने तळवा ट्रेलरच्या पत्र्यावर टेकवला होता. एप्रिल सरत आला तरी सावलीकडच्या बाजूला बर्फाचा एक मळका ढीग शिल्लक होता. तिच्या पिकअपच्या मागच्या सीटवरून पेनी नावाची म्हातारी कुत्री काचेला नाक लावून बसली होती.

"लायल म्हणायचा, आपली गाडी नऊ हजार पौंड ओढते," मार्लिस म्हणाली. "हा सात हजारांचा. मग अडलं कुठे?"

"ओढायला ओढते हो," ऑर्वल म्हणाला. "ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. ट्रेलर नुसता मागे चालत नाही बाई, आपली मान गाडीच्या पाठीवर टाकतो. ही मानच नऊशे पौंडांची आहे."

"जोडणीचं लोखंड धरून हजार," डार्लाने खडू चालवला. "तुमच्या दाराच्या चौकटीवर पिवळी चिठ्ठी आहे बघा. माणसं, सामान आणि ही मान, सगळं मिळून चौदाशे ऐंशी. त्याच्या वर गेलं की पुढची चाकं हलकी होतात. सपाटीवर कळतसुद्धा नाही. कळतं घाट उतरताना. तुम्ही चाक वळवता आणि गाडी वळत नाही. मागून ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. मग कोण कोणाला ओढतंय ते विचारायला वेळ नसतो."

"घाट मला माहीत आहे," मार्लिस म्हणाली.

घाट मार्लिसला माहीत होता, हे खोऱ्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. नोव्हेंबरात लायलच्या छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिका बर्फात अडकली होती. मार्लिसनेच त्याला पिकअपमध्ये शेजारी बसवलं, पट्टा लावला आणि घाटापलीकडच्या हॉस्पिटलकडे निघाली. माथ्यापर्यंत तो बोलत होता. उतारावर बोलला नाही. खाली पोहोचेपर्यंत तिने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही, कारण रस्त्यावरून नजर काढण्यासारखा तो रस्ता नव्हता. दफनानंतरच्या जेवणाला ऑर्वलने बटाट्याचा मोठा पसरट डबा नेला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच तासभर एकही थाप मारली नव्हती.

"बरं," डार्ला हळू आवाजात म्हणाली. "सामान किती? भांडी, सरपण, कपडे?"

"दोनशे धर."

"तुम्ही?"

"दीडशे."

"पेनी साठ. आणि गाडीत बसणार किती जण?" सवयीने विचारून गेली ती. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचाच प्रश्न होता तो.

"दोघं," मार्लिस म्हणाली.

खडू थांबला. मग डार्लाने दुसऱ्या माणसाचं काही न लिहिता आधीच्या आकड्यांची बेरीज मांडली. चौदाशे दहा. उरले सत्तर.

मार्लिस खाली वाकली. तिने डार्लाच्या बोटांतून खडू काढून घेतला आणि त्या बेरजेखाली, शाळेतल्या बाईंसारख्या स्वच्छ अक्षरात, लिहिलं: दोनशे दहा.

"डॉक्टरांकडचं शेवटचं वजन," ती म्हणाली. "बूट धरून."

"मार्लिसबाई..."

"सत्तर पौंडांत त्याचा एक पाय बसेल फार तर."

डार्लाने मामाकडे पाहिलं. मामा टोपीच्या आतली शिवण तपासत होता.

"असं असेल तर," डार्ला शेवटी म्हणाली, "तो पलीकडचा छोटा घ्या. त्याची मान हलकी आहे. सगळं धरून बसतं. सगळ्यांना धरून."

मार्लिसने पलीकडे पाहिलं. छोटा ट्रेलर चांगला होता. स्वच्छ होता. त्यात पलंग भिंतीला लागून होता, एकाने उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागलं असतं, आणि मागे खिडकी नव्हती. मोठ्याला मागची अख्खी भिंत खिडकीची होती. सप्टेंबरात दोघं इथे आले तेव्हा लायल बुटांसकट त्या पलंगावर आडवा झाला होता. डार्ला ओरडली होती, "ओ, चादर!" आणि तो डोळे मिटूनच म्हणाला होता, "मार्लिस, इथून मागचा सगळा रस्ता दिसतो. हाच. वसंतात."

"डोळे मिटून कसा दिसला हो रस्ता?" असं ऑर्वलने विचारलं होतं, आणि आपल्याहून मोठा थापाड्या भेटला म्हणून त्या दिवशी लायलची टोपी ऑर्वलने मानाने स्वतःच्या डोक्यावर घालून घेतली होती.

"हाच हवाय मला," मार्लिस आता म्हणाली. "पण त्याला ठेवून नाही जायचं."

"आधी गाडी काट्यावर नेऊ," डार्ला उठली. "कागदावरचं वजन एक आणि खरं एक असतं. कदाचित थोडी जागा निघेल."

वजनकाटा रस्त्यापलीकडे होता, गुरांच्या खाद्याच्या गिरणीत. ऑर्वलच्या आवारातला नेम जुना होता: जे जे प्रवासाला येणार त्या सगळ्यांना बसवून गाडी काट्यावर चढवायची. मार्लिस चाकामागे बसली. डार्लाने सवयीने शेजारचं दार उघडलं.

"मागे बस," मार्लिस म्हणाली.

शेजारच्या सीटवर काही नव्हतं. टोपी नाही, कोट नाही, फोटो नाही. डार्ला निमूटपणे मागे पेनीजवळ जाऊन बसली. तिला वाटलं, कुत्री आता संधी साधून पुढे उडी मारेल. लायल असताना ती त्याच्याच मांडीवर चढायला धडपडायची. पण पेनी पुढच्या सीटकडे बघून शेपूट दोनदा हलवून बसून राहिली. मार्लिसने किल्ली फिरवली. टिंग, टिंग, टिंग, अशी घंटी सुरू झाली. मार्लिसचा पट्टा तर लावलेला होता. तिने हात लांबवून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खाचेत अडकवला. घंटी थांबली.

"त्या सीटखालची तार बिघडली असेल," डार्ला म्हणाली. "माझ्याही गाडीत पिशवी ठेवली तरी वाजते."

"असेल," मार्लिस म्हणाली.

काट्याच्या लोखंडी फळीवर गाडी चढली तशी फळी खोल कण्हली. डार्ला उतरून बाजूला झाली. ऑर्वल रस्ता ओलांडून, धापा टाकत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. गिरणीच्या भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडे वरखाली झाले आणि स्थिरावले. पाच हजार आठशे वीस.

डार्लाच्या हिशोबाने गाडी, भरलेली टाकी, मार्लिस आणि पेनी मिळून पाच हजार सहाशे व्हायला हवे होते.

ती गाडीच्या मागे गेली. हिवाळ्यात घसरू नये म्हणून लोक मागच्या हौद्यात वाळूची पोती टाकतात आणि वसंतात काढायची विसरतात. हौद्यात एक झाडू होता आणि थोडं गवत. तिने वाकून गाडीखाली पाहिलं. चिखलही फारसा नव्हता.

"तुमचा काटा बरोबर आहे ना?" तिने गिरणीच्या खिडकीकडे बघून विचारलं.

"सकाळपासून चाळीस शेतकरी वजन करून गेले," आतून आवाज आला. "भांडायला एकही नाही आला."

डार्ला मामाजवळ परतली. "दोनशे वीस जास्त," ती पुटपुटली. "कुठून?"

ऑर्वल मार्लिसकडे पाहत होता. ती दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत होती, आणि तिचं तोंड रस्त्यापलीकडच्या मोठ्या ट्रेलरकडे होतं. नंतर त्याने टोपी मागे सरकवली, तोंडावर नेहमीचा तो मिश्कील भाव चढवला, आणि जाऊन तिच्या खिडकीवर कोपर टेकवलं.

"मघाशी हिने सांगू दिलं नाही," तो म्हणाला. "आता ऐका. नेब्रास्काचा एक माणूस आला होता माझ्याकडे. वेंडेल म्हणून. काटकुळा, कानात केस. त्याचीही बायको तुमच्या लायलसारखीच. म्हणजे गेलेली. पण शेजारी बसूनच असायची. बसायची, रस्ता चुकला की टोकायची, आणि गाडीतला हीटर तिच्यासाठी उन्हाळ्यातसुद्धा चालू."

"मामा," डार्ला दबक्या आवाजात म्हणाली.

"थांब गं. त्यालाही हेच कोडं. म्हणाला, बायकोला धरून मोठा ट्रेलर बसत नाही. मी म्हटलं, वेंडेल, वाद कशाला, काटा आहे ना समोर! याच फळीवर आणली गाडी. आधी बायकोसकट वजन केलं, मग बायकोशिवाय. आकडा तोच! पौंडाचाही फरक नाही. एकशे ऐंशीची बाई होती जिवंतपणी, आणि काट्याला पत्ता नाही." त्याने आवाज खाली आणला. "गेलेल्या माणसाला वजन नसतं, बाई. मी काट्यावर करून पाहिलंय. तुम्ही मोठा घ्या. आणि त्यालाही घेऊन जा. मागच्या खिडकीपाशी झोपवा."

वाऱ्याने गिरणीचा एक पत्रा फडफडवला. मार्लिसने मान वळवून ऑर्वलकडे पाहिलं, आणि डार्लाला वाटलं की ही आता रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र हलकेपणा आला होता, जणू कोणीतरी तिच्या हातातली जड पिशवी धरायला हात पुढे केला होता.

"बायकोशिवाय वजन केलंत," ती सावकाश म्हणाली, "म्हणजे तिला उतरवलंत?"

"उतरली ना! वेंडेलने दार उघडलं, म्हणाला, जरा उतर गं. उतरली. ही इथे उभी राहिली, जिथे डार्ला उभी आहे."

डार्ला नकळत एक पाऊल सरकली.

मार्लिसने गाडी चालूच ठेवली होती. तिने हात लांबवून शेजारच्या सीटचा पट्टा सोडला. टिंग, टिंग, टिंग. ती आडवी होऊन पलीकडे वाकली आणि आतूनच ते दार उघडून ढकललं. दार वाऱ्याने पूर्ण उघडलं आणि तसंच राहिलं. मागच्या सीटवर पेनी उठून उभी राहिली. तिने मान तिरकी करून पुढच्या सीटकडे पाहिलं.

"लायल," मार्लिस म्हणाली. स्वयंपाकघरातून हाक मारावी तितक्याच साध्या आवाजात. "जरा उतरतोस?"

घंटी वाजत राहिली. तिघांनीही भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. गिरणीतला माणूससुद्धा खिडकीतून वाकला. लाल आकडे हलले नाहीत. पाच हजार आठशे वीस.

"बघा!" ऑर्वलने खिडकीच्या काठावर थाप मारली. त्याचा आवाज मात्र त्याला हवा होता तितका मोठा निघाला नाही. "काय सांगत होतो? तोच आकडा! वजन नाहीच!"

मार्लिसने थोडा वेळ दार तसंच उघडं ठेवलं. थंड वारा गाडीतून आरपार जात होता. मग तिने पुन्हा पलीकडे वाकून दार ओढून घेतलं. पट्टा ओढला, सीटवरून आडवा नेला, हाताने एकदा सपाट केला आणि खाचेत बसवला. घंटी बंद झाली. पेनी खाली बसली.

डार्लाने बोटांवरची खडूची धूळ झटकली आणि कोणी सांगायच्या आधीच रस्ता ओलांडून छोट्या ट्रेलरकडे निघाली.

"तुम्ही चांगले आहात, ऑर्वल," मार्लिस म्हणाली. "पण खोटं बोलताय. तो वेंडेल खोटा, ती बाईही खोटी. मी घरी रोज गाडीचं दार उघडून बघते. गेलेली माणसं उतरत नाहीत."