अ‍ॅडमिनाबीत पागोळ्या लागल्या

सकाळपासून पत्र्यावरून पागोळ्या टपटपत होत्या. पाऊस लागला की काय, म्हणून मयूरानं पडदा सारला, तर आभाळ निळंशार. छपरावरचा बर्फ वितळत होता.

हा त्यांचा अ‍ॅडमिनाबीतला पहिलाच हिवाळा; इथे तो जून ते ऑगस्ट असतो. एप्रिलमध्ये नवऱ्याला, प्रज्ञेशला, डोंगरातल्या बोगद्याच्या कामावर नोकरी लागली, आणि शहरातल्या ब्लॅकटाउनचं भाड्याचं घर, शेजारची दीप्ती, कोपऱ्यावरचं इंडियन दुकान, सगळं सोडून ते या थंडगार गावात आले. तेव्हा त्यांची मुलगी विशाखा नुकतीच वर्षाची झाली होती. सोफा धरून उभी राहायची. आता सप्टेंबर लागला, तरी ती सोफा धरूनच उभी होती.

मयूराच्या डोक्यात दुसरा विषयच नव्हता. नर्स म्हणाली होती, दीड वर्षापर्यंत वाट बघू, नाहीतर कॅनबेराला स्पेशालिस्टला दाखवू. जो तो 'नो वरीज' म्हणायचा, आणि तेवढं ऐकलं की मयूरा जास्तच धास्तावायची.

"तू कधी चालायला लागलास, आईंना विचारलंस का?"

"विचारलं." शिफ्ट नव्हती, प्रज्ञेश निवांत चहा पीत होता. "म्हणते, चाललास कुठला, एकदम पळालासच."

"थट्टा सुचतेय तुला."

"मग काय रडू? चल, तिला घेऊन डेकवर बसू. बघ किती छान ऊन पडलंय."

"सर्दी झाली म्हणजे?"

"मयू, हिवाळाभर तू तिला हीटरपुढून हलू दिलं नाहीस. पोर आहे ती, लोणचं नाही मुरत ठेवायला."

मयूरा हसली नाही, पण उठली. बनियन, स्वेटर, जाकीट, कानटोपी. पायात सासूबाईंनी, कमलाबाईंनी, नागपूरहून विणून पाठवलेले लोकरी मोजे, एकावर एक दोन.

"चंद्रावर चाललीय का ही?" प्रज्ञेश म्हणाला.

इथलं ऊन उत्तरेकडून येतं, ते थेट जमिनीलगतच्या लाकडी डेकवर उतरलं होतं. घरामागच्या सावलीत मळक्या बर्फाचा ढीग अजून तग धरून होता. त्याच्याखालून पाण्याची धार निघून गवतात शिरत होती. कुंपणापलीकडे वॉटलची झाडं फुलून पिवळीधमक झाली होती, आणि कुठल्याशा डबक्यात बेडकांनी गलका मांडला होता.

विशाखा कठडा धरून उभी राहिली ती नेमकी पागोळीखालीच.

"झालं! भिजले मोजे. अरे, आतून कोरडे आण ना."

तो आत गेला. मयूरानं चिंब मोजे ओढून काढले, तर विशाखा लगेच कठडा धरून पुन्हा उभी. उघडी पावलं उन्हानं तापलेल्या फळ्यांवर. तिची बोटं पसरली, वळली, फळीला घट्ट धरून राहिली.

मयूरा बघतच राहिली. हिवाळाभर ही पावलं तिला फक्त अंघोळीच्या वेळी दिसली होती. घरातली जमीन पॉलिश केलेल्या लाकडाची, त्यावर पायात जाड लोकरीचे मोजे. सोफा सोडला की पाय सटकायचा, पोर धपकन बसायची, आणि मयूरा मनात म्हणायची, हिच्या पायात जोर नाही.

"घे," प्रज्ञेशनं मोजे पुढे केले.

"थांब. नको घालूस."

"तू म्हणतेयस हे?"

"गप रे. बघ."

विशाखानं कठडा सोडला. मयूराचे हात आपोआप पुढे झाले. तिनं ते मागे घेऊन काखेत दाबून धरले. एक पाऊल. डुलली. दुसरं पडलं, तिसरंही. फळ्या संपल्या, ओलं गवत लागलं, आणि विशाखा चिखलात फतकल मारून बसली.

मयूरा अर्धी उठली. विशाखानं मान वळवून आईकडे पाहिलं. ओठ काढलेले, डोळे मोठे केलेले. रडायचं की नाही, हे अजून ठरायचं होतं, आणि ते आईच्या चेहऱ्यावर बघून ठरणार होतं.

मयूरा परत खाली टेकली. आणि ती हसली.

"पडलीस होय गं? ऊठ, ऊठ! काही नाही झालं."

विशाखानं दोन्ही हात चिखलात रोवून ढुंगण वर केलं, हेलकावे खात उभी राहिली आणि वाहत्या पाण्याकडे निघाली. मयूरा तिच्यामागून दोन पावलं अंतर राखून चालत होती, स्वतःचे हात पाठीमागे घट्ट बांधून.